शेवटची लाकडी ब्यूक

कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझमध्ये वेस्ट क्लिफ ड्राइव्ह हा रस्ता समुद्राच्या कड्यावरून जातो. दीपगृहाजवळच्या वळणावर, कड्याखाली, लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांची प्रसिद्ध जागा आहे. गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी तिथे फिरायला गेलो असताना रस्त्याच्या कडेला एक लांबलचक, गडद हिरवी गाडी उभी असलेली दिसली. तिचा पुढचा भाग लोखंडाचा आणि भरपूर क्रोम लावलेला होता. मधल्या दरवाजांपासून मागे मात्र सगळीकडे लाकूड दिसत होते. पिवळसर लाकडाच्या जाड, गोलाई दिलेल्या चौकटी होत्या, त्या चौकटींच्या आत तांबूस रंगाची पॅनेल बसवलेली होती आणि सगळ्यावर व्हार्निशची अशी झळाळी होती, की जुन्या घरातले एखादे शिसवी कपाट कोणी चाकांवर उभे केले आहे असे वाटावे.

गाडीशेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ रात्रभर पडलेल्या धुक्याचे पाणी पुसत होते. लोखंडी भागावरून त्यांनी फडके नुसते फिरवले. लाकडापाशी आल्यावर मात्र त्यांनी फडक्याचे टोक बोटाला गुंडाळले आणि दरवाजाच्या खालच्या आडव्या पट्टीला जिथे उभी पट्टी येऊन मिळते, नेमक्या त्या कोपऱ्यात ते काही क्षण दाबून धरले. मी थांबलो तो गाडीपेक्षाही या हालचालीमुळे. ती मी लहानपणापासून पाहिलेली होती.

आमचे अण्णा कराडला ट्रकच्या बॉड्या बांधत. आता ट्रक तयार केबिनसकट मिळतो. त्या काळी कारखान्यातून यायची ती इंजिन, बॉनेट आणि उघडी चासी, म्हणजे चाकांवरचा नुसता सांगाडा. ड्रायव्हर तोंडाला टॉवेल गुंडाळून, खोक्यावर बसून ती चासी शेकडो किलोमीटर चालवत आणायचा, आणि मग केबिन, हौदा, फाळका असे सगळे आमच्या शेडमध्ये सुतार उभे करायचे. पावसाळा संपला, की जुनी गिऱ्हाइके डागडुजीला येत आणि अण्णा सर्वांत आधी दरवाजाच्या खालच्या कोपऱ्यात अंगठा दाबून पाहत. लाकूड कुजायला सुरुवात होते ती तिथून. त्यामुळे त्या गृहस्थांशी बोलणे सुरू करायला मला फारसे अवघड गेले नाही. माझे वडील लाकडी गाड्या बांधत असत, एवढे सांगितल्यावर त्यांनी फडके खांद्यावर टाकले आणि पुढचा तासभर आम्ही गाडीभोवती फिरत होतो.

गाडी ब्यूक या अमेरिकी कंपनीची, १९५३ सालची रोडमास्टर इस्टेट होती. अमेरिकेतल्या मोठ्या मोटार कंपन्यांनी खऱ्या लाकडाची बॉडी असलेल्या ज्या स्टेशन वॅगन, म्हणजे मागे सामानाला मोकळी जागा ठेवलेल्या लांब गाड्या, विकल्या, त्या मालिकेतले हे शेवटचे वर्ष. त्या वर्षी ब्यूकने आपला पन्नासावा वाढदिवस साजरा केला, आपले पहिले व्ही-एट, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर बसवलेले, इंजिन बाजारात आणले आणि लाकडी बॉडीला निरोप दिला. सुपर या खालच्या श्रेणीतल्या १,८३० आणि रोडमास्टर श्रेणीतल्या अवघ्या ६७० अशा मिळून २,५०० लाकडी वॅगन त्या साली तयार झाल्या. रोडमास्टर इस्टेटची किंमत चार हजार डॉलरच्या थोडी वर होती, आणि ब्यूकच्या त्या वर्षीच्या गाड्यांमध्ये स्कायलार्क ही मर्यादित संख्येने काढलेली उघड्या टपाची गाडी सोडली, तर हिच्याहून महाग काहीच नव्हते. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना चार चार गोल झरोके आहेत. सुपरला ते तीनच असत, म्हणजे शेजाऱ्याच्या दारात कोणती ब्यूक उभी आहे हे रस्त्याच्या पलीकडून मोजता येत असे. इंजिन ३२२ घनइंचांचे, म्हणजे साधारण ५.३ लिटरचे आणि १८८ अश्वशक्तीचे आहे. त्याच्या व्हॉल्व्ह बारीक आणि जवळजवळ उभ्या बसवलेल्या असल्यामुळे हौशी लोक त्याला खिळ्याच्या डोक्याची उपमा देतात. हे सगळे खरे असले, तरी इंजिनासाठी कोणी या गाडीपाशी थांबत नाही.

आज अशी गाडी पाहिली, की लाकूड हा तिचा दागिना आहे असे वाटते. मलाही तसेच वाटले होते. प्रत्यक्षात लाकूड या गाड्यांत आले ते स्वस्त आणि सोयीचे म्हणून, आणि ते दागिना झाले तेव्हा त्याचे दिवस भरत आले होते. स्टेशन वॅगन हे नाव शब्दशः रेल्वे स्टेशनावरून पडले आहे. गाडीतून उतरलेल्या उतारूंना त्यांच्या ट्रंका-वळकट्यांसकट हॉटेलात किंवा गावाबाहेरच्या बंगल्यावर पोहोचवण्यासाठी आधी घोड्यांचे आणि नंतर मोटारीचे जे वाहन वापरात होते, त्याचे हे रूप. फोर्डच्या मॉडेल टी गाडीची चासी विकत घ्यायची, गावातल्या किंवा जवळच्या शहरातल्या बॉडीवाल्याकडून तिच्यावर लाकडी बाके, चार खांब आणि छप्पर बसवून घ्यायचे, बाजूंना पावसासाठी गुंडाळता येणारे पडदे लावायचे, एवढाच तो मामला होता. आमच्या शेडमधल्या धंद्याशी याचे इतके साम्य आहे, की पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले. महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी जी पहिली एसटी धावली, तिचीही बॉडी लाकडाची आणि छप्पर कापडाचे होते. चासी एकाने करायची आणि बॉडी दुसऱ्याने बांधायची, ही व्यवस्था जिथे असते तिथे सुतार असतोच.

लाकडालाच चिकटून राहण्यामागे हिशेब होता. पत्र्याची बॉडी करायची, तर प्रत्येक भागासाठी पोलादी साचे लागतात, ते साचे बसवायला अजस्र प्रेस लागतात, आणि हा खर्च लाखो गाड्यांवर वाटला गेला तरच परवडतो. सिडान गाड्या लाखांनी खपत होत्या, म्हणून त्या पत्र्याच्या झाल्या. वॅगन मात्र वर्षाला काही हजार किंवा काही शेच विकली जाई. एवढ्यासाठी साचे पाडण्यापेक्षा करवत, रंधा, पटाशी आणि चार कसबी माणसे स्वस्त पडत. वॅगनच्या किमतीत मजुरीचा वाटा मोठा असल्यामुळे ती साध्या सिडानपेक्षा महाग असे, आणि त्यामुळे ती घेणारे लोक साहजिकच मोठ्या बंगल्यांचे, शिकारीच्या आणि उन्हाळी विश्रामगृहांचे मालक असत. अशा रीतीने स्वस्तातला मार्ग म्हणून निवडलेले लाकूड श्रीमंतीची खूण होऊन बसले. इस्टेट हे नावही त्यातूनच आलेले आहे.

कारखान्यातूनच तयार वॅगन मिळू लागली ती १९२३ मध्ये, ड्युरंट कंपनीच्या स्टार या स्वस्त गाडीपासून. पण खऱ्या अर्थाने हे वाहन फोर्डने रुजवले. १९२९ मध्ये मॉडेल ए गाडीची वॅगन त्यांनी स्वतःच्या यादीत घातली, तेव्हा तिच्या चौकटी मेपलच्या लाकडाच्या, पॅनेल बर्चच्या लाकडाची, आणि मागच्या खिडक्यांना काचांऐवजी पडदे होते. एवढ्या मोठ्या कंपनीने हे करण्यामागे एक साधे कारण असे होते, की हेन्री फोर्ड यांच्या मालकीचे जंगल होते.

ही हकिगत थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. मोटारीच्या प्रत्येक कच्च्या मालावर आपली मालकी असावी, असा फोर्ड यांचा हट्ट होता. लोखंडाच्या खाणी, कोळसा, रबराचे मळे, असे सगळे त्यांनी करून पाहिले, आणि त्याच ओघात १९२० च्या सुमाराला मिशिगन राज्याच्या उत्तर भागात त्यांनी लाखो एकर जंगल विकत घेतले. जमिनी मिळवून देण्याच्या कामी त्यांचे एक नातेवाईक, एडवर्ड किंग्जफोर्ड, पुढे होते. आयर्न माउंटन या गावाशेजारी करवतीची गिरणी, लाकूड वाळवण्याच्या भट्ट्या आणि सुटे भाग करण्याचा कारखाना उभा राहिला, आणि शेजारी वसलेल्या गावाला किंग्जफोर्ड हेच नाव पडले. गिरणीत उरणारे तुकडे आणि भुसाही फोर्ड यांना वाया जाऊ द्यायचा नव्हता, म्हणून त्यापासून कोळशाच्या वड्या पाडण्याचा उद्योग सुरू झाला. आज अमेरिकेत घरामागच्या अंगणात मांस भाजायला ज्या किंग्जफोर्ड नावाच्या कोळशाच्या पिशव्या आणतात, त्या याच भुशाच्या वारस आहेत. इथे जवळजवळ प्रत्येक किराणा दुकानात ती पिशवी दिसते आणि मला दर वेळी लाकडी वॅगन आठवते, हे माझ्या घरच्यांना आता पाठ झाले आहे.

सुरुवातीला आयर्न माउंटनचे भाग डेट्रॉइटला जात आणि तिथली मरे ही बॉडी कंपनी ते जोडून देत असे. तिशीचे दशक संपता संपता संपूर्ण बॉडीच आयर्न माउंटनला तयार होऊ लागली. मग दुसरे महायुद्ध आले. नागरी मोटारींचे उत्पादन थांबले आणि याच सुतारांनी लष्करासाठी सीजी-४ए जातीची ग्लायडर विमाने बांधली. इंजिन नसलेली, दुसऱ्या विमानाने ओढत न्यायची आणि सैनिकांसकट शत्रूच्या मुलखात सोडून द्यायची अशी ही विमाने होती. पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख आणि वरून ताणलेले कापड. एकट्या फोर्डने ती ४,१९० बांधली, इतर कोणत्याही कारखान्यापेक्षा अधिक. दरवाजाच्या चौकटी जोडणारे हात पंखांच्या फासळ्या जोडू लागले, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा दरवाजांकडे वळले.

क्रायस्लरची कथा याच्या उलट आहे. १९४१ मध्ये त्यांनी टाउन अँड कंट्री नावाची जी वॅगन काढली, ती पहिल्यापासूनच देखणी असावी म्हणून काढली होती. छप्पर पत्र्याचे आणि मागे उतरत गेलेले, चौकटी पांढऱ्या ॲश या झाडाच्या लाकडाच्या, पॅनेल होंडुरासच्या महोगनीची, आणि मागचे दोन दरवाजे पिंपाच्या पोटासारखे फुगीर, कपाटासारखे दोन्ही बाजूंना उघडणारे. क्रायस्लर विभागाचे प्रमुख डेव्हिड वॉलेस यांचा या कल्पनेमागे आग्रह होता, आणि लाकूडकाम आर्कान्सामधल्या हेलेना गावी पेकिन वुड प्रॉडक्ट्स या कारखान्यात होई. १९४१ आणि १९४२ या दोन्ही वर्षांत मिळून अशा दोन हजारही गाड्या झाल्या नाहीत. माझ्या मते साऱ्या लाकडी वॅगनमध्ये दिसायला सर्वांत सुंदर हीच. पण मला स्वतःला अधिक ओढ वाटते ती फोर्डच्या साध्या, चौकोनी वॅगनची. तिच्यात सुताराने घातलेला एकही भाग नुसता बघण्यासाठी नसतो.

मूळ मुद्दा तोच आहे. या गाड्यांत लाकूड वजन पेलत असे. दरवाजाचे बिजागर लाकडाला, कुलूप लाकडाला, छपराच्या फळ्या लाकडी कमानींना, आणि त्या कमानी लाकडी खांबांना जोडलेल्या असत. वळणाची चौकट एका सरळ फळीतून कापली, तर लाकडाचा रेषा, म्हणजे त्यातला लांब तंतू, तिरका तुटतो आणि लाकूड तिथेच फाटते. म्हणून छोटे तुकडे, प्रत्येकात रेषा योग्य दिशेने ठेवून, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत तसे टोकांशी गुंफून चिकटवत. ब्यूकच्या मागच्या चाकावरच्या कमानीत हे सांधे उघड दिसतात. फिकट ॲशमध्ये ती दात्यांची नागमोड लपवण्याचा कोणी प्रयत्न केलेला नाही, आणि तो केला असता तर गाडीची निम्मी शोभा गेली असती. त्या गृहस्थांनी माझे बोट धरून सांध्यावरून फिरवले. व्हार्निशच्या खाली सांधा बोटाला लागतच नव्हता.

लाकूड आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, लांबीत जवळजवळ नाही. उन्हाळ्यात घट्ट बसलेला सांधा हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत सैल होतो, स्क्रू आपल्या भोकात हलू लागतो, आणि गाडी खड्ड्यातून जाताना बैलगाडीसारखी करकरते. म्हणून या गाड्यांच्या मालकांना दर वर्षी बोल्ट आवळायचे, जुने व्हार्निश घासून काढायचे आणि नवे हात द्यायचे, अशी सूचना असे. थोडक्यात, मोटारीची निगा होडीसारखी राखायची. होडीच्या मालकाला त्याचे काही वाटत नाही, पण ज्याने मुलांना शाळेत सोडायला आणि बाजारहाट करायला गाडी घेतली आहे, तो पहिली दोन वर्षे हे करतो आणि तिसऱ्या वर्षी विसरतो. पाणी मात्र विसरत नसते. ॲश हे चिवट, लवचिक, धक्के सोसणारे लाकूड आहे. बेसबॉलच्या बॅटी आणि फावड्यांचे दांडे त्याचे होतात. परंतु कुजण्याला तोंड देण्याची ताकद त्यात फार थोडी आहे. आपल्या सागाच्या अंगात जे तेल असते, ते त्याच्यात नाही. व्हार्निशला एक केसाएवढी भेग पडली, की पाणी सांध्यात शिरते, स्क्रूच्या लोखंडाभोवती काळा डाग पसरतो, आणि पुढच्या दोन-तीन हिवाळ्यांत बाहेरून धडधाकट दिसणारी पट्टी आतून भुसभुशीत होते.

युद्धानंतर हिशेब पालटला. लोकांची लग्ने झाली, मुले झाली, शहरांबाहेर नव्या वसाहती उठल्या आणि वॅगन ही बंगल्यावरची चैन न राहता घरोघरची गरज होऊ लागली. म्हणजे आता ती लाखांनी खपणार होती, आणि लाखांनी खपणाऱ्या वस्तूला साचे परवडतात. ज्या विलिस कंपनीच्या जीपची जुळणी पुढे महिंद्रा मुंबईत करू लागली, त्याच विलिसने १९४६ मध्ये पूर्ण पत्र्याची स्टेशन वॅगन आणली. गंमत अशी, की तिच्या बाजू लाकडी चौकटीसारख्या दिसाव्यात म्हणून पत्र्यालाच खोबणी पाडून दोन रंगांत रंगवलेल्या होत्या. १९४९ मध्ये प्लिमथची सबर्बन ही पूर्ण पत्र्याची वॅगन आली आणि ती उत्तम खपली. त्याच वर्षी शेवरोलेने लाकडी वॅगनने हंगाम सुरू केला आणि मध्येच पत्र्याची आणली. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत चटकन फरक कळू नये अशी रंगरंगोटी तिच्यावर होती. एका वर्षाच्या आत, एकाच नमुन्याच्या गाडीत लाकडाचे राज्य संपताना याहून स्पष्ट कुठे दिसत नाही. फोर्डचा आयर्न माउंटनचा कारखाना १९५१ च्या डिसेंबरात बंद झाला.

ब्यूक आणखी दोन वर्षे थांबली, त्याला कारण तिचे गिऱ्हाईक. लाकूड म्हणजे प्रतिष्ठा असे मानणारा आणि त्यासाठी चार हजार डॉलर मोजणारा वर्ग तिच्याकडे होता. बॉड्या मिशिगनमधल्याच आयोनिया गावी बांधल्या जात. तरीही १९५३ च्या या गाडीचे लाकूड जवळून पाहिले, की ते माघार घेत असल्याचे कळते. छप्पर पत्र्याचे आहे, खालचा बराच भाग पत्र्याचा आहे, आणि युद्धापूर्वीच्या वॅगनमध्ये जे काम अख्खी लाकडी चौकट करत असे, त्यातले थोडेच आता तिच्याकडे उरले आहे. सुताराच्या दृष्टीने पाहिले, तर ही निम्मी गाडी आहे. संग्राहकांना ती दुर्मीळ म्हणून हवी असते, आणि ६७० हा आकडा पाहता ते योग्यच आहे. मला ती पाहताना वाटत राहिले, की हा शेवटचा तुकडा बांधणाऱ्या माणसांना, पुढच्या वर्षी हे काम नसणार हे माहीत असेल का. १९५४ ची ब्यूक इस्टेट संपूर्ण पत्र्याची झाली.

लाकूड गेले, पण त्याचे चित्र गेले नाही. क्रायस्लरने १९४७ पासूनच महोगनीच्या जागी लाकडाचा रेषा छापलेला पातळ पापुद्रा पत्र्यावर चिकटवायला सुरुवात केली होती. फोर्डने कंट्री स्क्वायर या नावाखाली तीच युक्ती १९५२ पासून १९९१ पर्यंत चालवली, आणि अमेरिकेतल्या दोन पिढ्यांच्या मनात स्टेशन वॅगन म्हणजे बाजूला लाकडाचे स्टिकर असलेली लांब गाडी, असे समीकरण बसले. यातला योगायोग असा, की १९९१ मध्ये ब्यूकने रोडमास्टर इस्टेट हे नाव पुन्हा काढले, तिच्या दोन्ही बाजूंना लाकडाची छापील पट्टी लावली आणि १९९६ मध्ये ती बंद केली. खऱ्या लाकडाची शेवटची मोठी वॅगन आणि छापील लाकडाची शेवटची मोठी वॅगन, या दोघींचे नाव एकच आहे. मला स्टिकरचा राग येत नाही. पण ज्या वस्तूची आठवण म्हणून ते चिकटवले जात होते, ती वस्तू घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कधी पाहिलेलीच नव्हती, हे मात्र विचित्र वाटते.

दरम्यान जुन्या लाकडी वॅगन मातीमोल झाल्या होत्या. करकरणारी, रंग उडालेली, दर वर्षी व्हार्निश मागणारी सेकंडहँड गाडी कोणाला हवी असणार? पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या लाटांवर खेळणाऱ्या पोरांना ती हवी होती. त्यांच्या फळ्या नऊ-दहा फूट लांब असत, खिशात पैसे नसत, आणि सीट काढून टाकली की या गाडीत फळी, मित्र आणि झोपायची सोय असे सगळे मावत असे. खारा वारा, वाळू, ओले कपडे आणि उघडा ठेवलेला फाळका यांत किती वॅगन कुजून गेल्या, याचा विचार न केलेला बरा. मात्र त्या पोरांनी या गाड्यांना वुडी हे लाडाचे नाव देऊन जिवंत ठेवले, हेही तितकेच खरे. आता सप्टेंबरात एन्सिनिटसच्या किनाऱ्यावर वेव्हक्रेस्ट नावाचा त्यांचा मेळा भरतो, आणि सांता क्रूझमध्ये जूनमध्ये १९१४ सालच्या लाकडी धक्क्यावर त्या ओळीने उभ्या राहतात.

त्या गृहस्थांची ब्यूक मात्र कधी समुद्रावर गेली नव्हती. ती त्यांना मिळाली तेव्हा एका कोठारात होती, मागचा डावा दरवाजा हाताने उचलला तर बिजागर लाकडासकट बाहेर येईल अशा अवस्थेत. त्यांनी स्वतः सहा वर्षे तिच्यावर काम केले. काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने फिके केले, भुसभुशीत भाग पटाशीने खोदून तिथे नवे तुकडे बसवले, आणि जी पट्टी वाचण्यासारखी नव्हती ती नव्या ॲशमधून, जुन्या पट्टीवरून आकार उतरवून कापली. जुने लाकूड मधासारखे पिकलेले आणि नवे पांढुरके, त्यामुळे रंग जुळवायला सर्वांत जास्त वेळ गेला असे ते म्हणाले. व्हार्निशचे किती हात दिले, असे मी विचारले. बारापर्यंत मोजले, म्हणाले, पुढे मोजायचे सोडून दिले.

नव्या ॲशचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात आशियातून आलेला एक हिरवा, चकाकणारा भुंगा सापडला. त्याच्या अळ्या ॲशच्या सालीखाली नागमोडी बोगदे कोरतात आणि झाडाचे पाणी तोडतात. तेव्हापासून अमेरिकेत या भुंग्याने कोट्यवधी ॲशची झाडे मारली आहेत, आणि त्याची सुरुवात मिशिगनमधून झाली, ज्या राज्यात या गाडीची चासी आणि बॉडी दोन्ही जन्मली. दुरुस्तीसाठी चांगली, जाड, सरळ रेषाची फळी दिसली, की ते ती गरज नसतानाही घेऊन ठेवतात. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडीपेक्षा फळ्यांनी अधिक जागा व्यापली आहे, आणि हे सांगताना ते थोडे ओशाळले.

कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजले होते, म्हणजे कराडला रात्रीचे साडेनऊ. अण्णा जेवून झोपायच्या तयारीत असतील हे माहीत असूनही मी व्हिडिओ कॉल लावला. त्यांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बरे दिसते, पण फोन ते नेहमी कानाला लावतात, त्यामुळे पहिला मिनिटभर आम्हांला त्यांचा कान आणि मागची खुंटी दिसत राहिली. मग मी गाडीभोवती सावकाश फिरून त्यांना सगळे दाखवले. गुंफलेले सांधे, चाकावरची कमान, महोगनीची पॅनेल, दोन भागांत उघडणारा फाळका. १९५३ सालची आहे, फक्त सहाशे सत्तर झाल्या होत्या, वगैरे मी बोलत होतो. त्यावर अण्णा काहीच बोलले नाहीत. किंमत विचारली नाही, लाकूड कोणते हेही विचारले नाही.

"दाराच्या खाली ने जरा," ते म्हणाले. मी फोन खाली नेला. "पाणी निघायला भोकं ठेवल्यात का?"

मी तासभर गाडी पाहत होतो आणि हे मला सुचले नव्हते. मी प्रश्न भाषांतर करून सांगितला. गृहस्थ आधी माझ्याकडे आणि मग फोनकडे पाहत राहिले, आणि दुसऱ्याच क्षणी रस्त्यावर गुडघे टेकून खाली वाकले. खालच्या पट्टीच्या तळाला ओळीने छोटी भोके होती. त्यांतली दोन कारखान्याची नव्हती, त्यांनी स्वतः पाडलेली होती, कारण कुजलेला कोपरा उघडल्यावर पाणी कुठे अडत होते ते त्यांना दिसले होते. भोके वाळूने बुजतात म्हणून ते दर रविवारी ती साफ करतात, असे सांगून त्यांनी खिशातून एक बारीक तार काढली आणि करून दाखवले.

"तार नको म्हणावं त्यांना," अण्णा म्हणाले. "आतलं व्हार्निश खरवडतंय. बांबूची काडी घाला म्हणावं."

मी सांगितले. गृहस्थांनी तारेकडे पाहिले, ती परत खिशात टाकली, आणि जमिनीवर बसल्याबसल्याच मला विचारले, की काडी किती जाड असावी.